अंगापासून एक बोट

मास्तरांच्या दुकानात कपडा शिवायला टाकायचा म्हणजे आधी स्वतःच्या देहाची उलटतपासणी करून घ्यायची. गिऱ्हाईक आत आलं की मास्तर कपाळावरचा चष्मा नाकावर आणत, त्याला वरून खाली आणि खालून वर न्याहाळत आणि गळ्यातली टेप काढता काढता म्हणत, "डावा खांदा अर्धा इंच उतरलाय. पिशवी डाव्या हातात धरता वाटतं." माणूस आयुष्यभर पिशवी उजव्या हातात धरत आलेला असला तरी मान डोलावून मोकळा होई आणि दुसऱ्या दिवसापासून खरोखरच खांदा सावरून चालू लागे.

मास्तरांची सगळी कीर्ती फिटिंगवर उभी होती. त्यांनी शिवलेला कोट पाठीवर असा बसे, की माणूस कोटासकटच जन्माला आला असावा. 'सैल' हा शब्द ते तोंड वाकडं करूनच उच्चारत. कुणी चुकून म्हणालंच, "मास्तर, जरा सैलसर ठेवा," तर ते कात्री खाली ठेवून अगदी नम्रपणे विचारत, "मग पडदाच शिवून देऊ का? दांडी तेवढी तुमची तुम्ही आणा."

एका नवरदेवाचा कोट त्यांनी इतका चपखल बसवला होता, की तो लग्नभर बसलाच नाही. पाहुण्यांना वाटलं, मुलगा फार अदबशीर आहे, थोरांसमोर उभा राहतो. सासूबाईंनी तर कौतुकाने डोळे पुसले. पुढे मुलाचे वडील तक्रार घेऊन आले, तेव्हा मास्तर शांतपणे म्हणाले, "कोट उभं राहायच्या बेताने शिवला होता. बसायचं होतं तर माप देतानाच सांगायचं."

मास्तरांची बायको दुकानाच्या दाराशी उजेडात बसून काज-बटणं करी. सगळे तिला काकू म्हणत. काकूंचं बोलणं कमी, कारण तोंडात बहुतेक वेळ दोरा. पण एक गोष्ट त्या गेली तीस वर्षं न बोलता करत आल्या होत्या. मास्तरांनी खडूने बटणाची खूण केली, की काकू बटण त्या खुणेपासून अर्धं बोट बाहेर लावत. त्या अर्ध्या बोटामुळे गिऱ्हाइकांना श्वास घेता येई, जेवता येई, आणि ती पुन्हा दुकानात येत. मास्तरांच्या कीर्तीला हा टेकू आहे हे मास्तर सोडून बऱ्याच जणांना ठाऊक होतं.

काकूंचा धाकटा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेव्हणा, काचेच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होता. भट्टीला कंबरेएवढ्या उंचीवर एक झरोका होता. त्यातून लांब दांड्याने वितळलेल्या काचेचा नमुना काढायचा, कडेला जमलेली साय मागे ढकलायची आणि महिन्यातून दोनदा भट्टीची धग मोजणारी जळकी नळी काढून नवी बसवायची, हे त्याचं काम. वर्षानुवर्षं भट्टीकडे डावी बाजू करून उभा राहिल्यामुळे त्याचा डावा गाल तांबूस आणि उजवा नेहमीसारखा झाला होता. डाव्या हातावर एक केस उरला नव्हता. मास्तर त्याला म्हणत, "तू अर्धाच भाजलेला आहेस. एकदा उलटा उभा राहा, म्हणजे दोन्हीकडून सारखा होशील."

मेव्हणाही काही कमी नव्हता. "दाजी, तुमच्याकडून शर्ट शिवल्यापासून मला उलटं वळताच येत नाही," तो म्हणे.

सुट्टीच्या एका दुपारी तो जेवायला आला तो डावा हात अंगापासून लांब धरूनच. गळ्याच्या हाडापासून कोपरापर्यंत कातडी लालभडक झाली होती आणि दंडावर रुपयाएवढे दोन फोड आले होते. काकूंनी ताट तिथेच ठेवलं.

"कशाने झालं?"

"नळी बदलताना. काही नाही, अक्का. उतरेल."

"कंपनी कोट देते ना तुम्हाला? तो चंदेरी?"

"देते. खुंटीवर आहे."

"खुंटी भाजत होती का?" काकूंनी विचारलं.

मेव्हण्याने मग सगळं सांगितलं. धग अडवणारे कोट कारखान्याने बाहेरून मागवले होते, पण सगळे एकाच मापाचे, आणि ते माप कुणा राक्षसाचं. बाह्या बोटांच्या पुढे चार इंच लोंबायच्या, त्यामुळे दांडा धरता येत नसे. घेर बुटाखाली यायचा. गळा असा उघडा राहायचा, की धग त्यातून सरळ आत शिरून बसायची. एकदा एक जण कोट घालून अडखळला आणि भट्टीच्या दिशेनेच पडता पडता वाचला, तेव्हापासून कुणी त्यांना हात लावला नव्हता.

भावाच्या फोडांवर ओलं फडकं ठेवता ठेवता काकू नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "जगाचे कोट शिवता. माझ्या भावाला एक शिवा."

मास्तरांना मेव्हण्याच्या फोडांचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्या कोटांचं. एकच माप सगळ्या माणसांना, हे ऐकून त्यांचं जेवण गेलं. दुसऱ्याच दिवशी ते टेप गळ्यात घालूनच कारखान्यात हजर झाले.

कारखान्यात कामगारांच्या सुरक्षेचं बघायला एक तरुण बाई नेमलेल्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. कोट खुंटीवर का राहतात हे कोडं त्यांनाही वर्षभर छळत होतं, त्यामुळे टेप घालून आलेला माणूस बघून त्यांना बरंच वाटलं. त्यांनी मास्तरांना आपल्या छोट्या खोलीत बसवलं आणि कापडाची गुंडाळी पुढे ठेवली. वरून आरशासारखं लखलखीत, खालून खरबरीत.

"पाठीला काचेचा धागा आहे, वर अॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे काचेपासून वाचायला काचच अंगावर घालायची," मास्तर म्हणाले.

मॅडम हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. भट्टीची धग दोन वाटांनी येते. एक तापलेल्या हवेतून. दुसरी दिसत नाही, पण उजेडासारखी सरळ येते. थंडीच्या दिवसांत हवा गार असली तरी उन्हाकडे केलेला गाल तापतो ना, तशी. भट्टीपाशी भाजतं ते मुख्यतः या दुसऱ्या वाटेने. चंदेरी कापड ती धग आरशासारखी आल्या वाटेने परत पाठवतं. पण सगळीच्या सगळी परत जात नाही. थोडी कापडात मुरते आणि कापड तापत जातं. ते तापलेलं कापड अंगाला टेकलं, की चटका बसतो.

"म्हणून मास्तर, कोट अंगापासून सुटा हवा. मध्ये हवा राहिली पाहिजे. फार नाही, पण सैल हवा."

मास्तरांनी सगळं नीट ऐकलं. शेवटचा शब्द तेवढा त्यांच्या कानात शिरला नाही. निघताना मॅडमनी त्यांना कापड दिलं आणि धग सोसणाऱ्या पिवळ्या दोऱ्याचं एक रीळही दिलं. चंदेरीवर पिवळा टाका ही कल्पनाच मास्तरांना सहन झाली नाही, त्यांनी ते रीळ पिशवीच्या तळाशी टाकलं.

त्या कापडाने मास्तरांचा घाम काढला. टाचणी लावली की भोक कायमचं राही, म्हणून काकूंनी दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आणून दिले. इस्त्री फिरवायची सोय नव्हती. घडी घातली की घडीवर पापुद्रा तडके. मशीनचा कापड दाबणारा पाय त्याला चिकटून बसे आणि टाका एकाच जागी गोळा होई. शेवटी काकूंनीच कापडावर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवायला सांगितलं, शिवून झाल्यावर पट्टी फाडून टाकायची. कोट पूर्ण होईपर्यंत आठवड्याच्या सगळ्या बातम्या शिवून झाल्या.

एक बाही त्यांनी नेहमीच्या राखाडी दोऱ्याने शिवली होती. काकूंनी त्या दोऱ्याचा तुकडा काडीच्या ज्योतीपाशी धरला. तो आकसला, त्याचा काळा मणी झाला आणि टपकन खाली पडला.

"माझ्या भावाची बाही अशीच गळून पडेल," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी बाही उसवली आणि पिशवीच्या तळातून पिवळं रीळ काढलं.

एवढं करून कोट झाला तो बघत राहावा असा. खांदे रेखल्यासारखे. पाठीच्या मधोमध हलका उतार, कंबरेशी घट्ट, बाही बरोबर मनगटावर. मेव्हण्याने घालून पाहिला तेव्हा समोरच्या चहावाल्याने गाळणं हातात तसंच धरून त्याच्याकडे टक लावली.

"कुठल्या नाटकात काम करताय?" त्याने विचारलं.

"दाजी, हात वर केला की पाठीत धरतो," मेव्हणा म्हणाला.

"हात वर करतोस कशाला? भट्टी काय छताला आहे?"

भट्टीवर त्या दिवशी बघ्यांची गर्दी झाली. मुकादमही होते. मुकादम म्हणजे भट्टीवरचा सगळ्यात जुना माणूस. आयुष्यभर सुती शर्टाच्या बाह्या दुमडून भट्टीसमोर उभे राहिलेले आणि त्याचा अभिमान बाळगणारे. कोट बघून ते म्हणाले, "आमच्या वेळी भट्टीला माणसं लागायची. आता भांडी लागतात वाटतं, कल्हई केलेली."

जमिनीवर पिवळी रेघ होती, तिच्या पलीकडे धग जोराची. मेव्हणा तोंडावर काचेची झडप लावून, हातमोजे चढवून रेघेपलीकडे गेला. पहिलं मिनिट त्याने नमुना काढला. दुसऱ्या मिनिटाला तो खांदे उडवू लागला. तिसऱ्याला दांडा टाकून, उड्या मारतच परत आला.

"पाठीवर कुणी इस्त्री ठेवलीय असं वाटतं."

"तू वाकलास," मास्तर म्हणाले.

"वाकल्याशिवाय काच कशी काढू?"

"गुडघ्यातून वाकायचं. तू पाठीतून वाकतोस. लहानपणापासून तुझी हीच खोड आहे, तुझी अक्काच सांगते."

"दाजी, कोट तापतोय."

"कोटात दोष नाही. दे इकडे. मी उभा राहून दाखवतो."

मॅडम नको म्हणत होत्या. मास्तर हट्टाला पेटले होते. शेवटी मॅडमनी कबूल केलं, पण रेघेपाशीच उभं राहायचं, त्या हात करतील तेव्हा मागे यायचं आणि शेजारी मेव्हणा असेल, असं बजावून घेतलं. मास्तरांची आणि मेव्हण्याची चण जवळपास सारखी, मास्तर थोडे जाडच. कोट त्यांना मेव्हण्यापेक्षाही घट्ट बसला, आणि तो घालताच त्यांना मनातल्या मनात समाधान वाटलं.

ते भट्टीकडे पाठ करून उभे राहिले, कारण पाठीचं काम त्यांना जास्त दाखवायचं होतं.

सुरुवातीला काहीच वाटलं नाही. मानेखाली आणि मांड्यांमागे तर अगदी सावलीत उभं राहिल्यासारखं होतं, आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. मग दोन्ही खांद्यांवर ऊब आली. मग पाठीच्या फऱ्यांवर. उबेचं ऊन झालं, उन्हाचा तवा झाला. कोपरांच्या मागे, कंबरेशी, जिथे जिथे त्यांनी कापड अंगाशी नेऊन भिडवलं होतं, तिथे तिथे जणू कुणीतरी तापलेलं बोट टेकवत होतं. जिथे कापड चुकून सुटं राहिलं होतं, तिथे मात्र गार. मास्तरांना शिवणारा माणूस म्हणून जे कळायचं ते त्या क्षणी कळलं, पण मेव्हण्यादेखत मागे कसं यायचं? ते दात आवळून उभे राहिले. मॅडमनी हात केला. मास्तरांनी तो पाहिला नाही असं दाखवलं. मग मेव्हण्याने त्यांना दंडाला धरून सरळ मागे ओढलं.

कोट काढल्यावर मॅडमनी एक छोटा कॅमेरा त्यांच्या पाठीवर धरला. कशाला किती ऊब आहे ते हा कॅमेरा रंगांत दाखवत असे, गार ते निळं, तापलेलं ते पिवळं-पांढरं. पडद्यावर मास्तरांचा निळा शर्ट दिसत होता, आणि त्यावर दोन खांदे, दोन फरे, कंबरेची एक सलग पट्टी आणि दोन कोपरं, पिवळीजर्द.

"हे काय?" मास्तरांनी विचारलं.

मॅडमनी हळूच सांगितलं, "जिथे जिथे कोट अंगाला टेकला, ते."

मास्तर चष्मा नाकावर आणून पडद्याशी वाकले. त्यांच्या आयुष्यभराच्या फिटिंगचा एवढा अचूक नकाशा आजवर कुणी काढला नव्हता. मुकादम मागून डोकावले आणि म्हणाले, "बसलाय मात्र छान."

त्या संध्याकाळी मास्तर घरी पालथे पडून होते. कातडी नुसती लाल झाली होती, फोड नव्हते. काकू गार पाण्याचं फडकं बदलत होत्या. त्या काहीही म्हणाल्या नाहीत, आणि काहीही न म्हणणाऱ्या बायकोपुढे पालथं पडून राहणं काय असतं ते मास्तरांनाच ठाऊक. दोन दिवस त्यांनी दुकानात कुणाचा खांदा उतरलाय हेसुद्धा सांगितलं नाही. गिऱ्हाइकं काळजीत पडली.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नवं कापड टेबलावर पसरलं आणि खडू घेतला. पाठीची रेघ आखायला सुरुवात केली. बाहेर जायचं, बाहेर जायचं, असं मनाशी म्हणत होते, पण हात काखेपाशी आला की आपोआप आत वळे. पुसली. पुन्हा आखली. पुन्हा आत. चाळीस वर्षांची सवय बोटांत बसलेली, ती काय एका चटक्याने जाणार?

काकूंनी तोंडातला दोरा काढला, सुई उशीत खोचली आणि उठून आल्या. त्यांच्या हातातला खडू घेतला आणि त्यांच्या रेघेपासून चार बोटं बाहेरून दुसरी रेघ ओढली, काखेपासून घेरापर्यंत, एका दमात.

मास्तर रेघेकडे बघत राहिले. रेघ चांगली होती. शिकलेल्या हाताची होती.

"तुला बेतणं कधीपासून येतं?"

"समोर बसून तीस वर्षं बघतेय. आंधळी आहे का मी?" काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, आता सांगूनच टाकावं अशा बेताने म्हणाल्या, "आणि तुमची बटणंही मी खुणेवर लावत नाही. अर्धं बोट बाहेर लावते."

"सगळी?"

"सगळी."

"त्या नवरदेवाची?"

"त्याची लावायची राहून गेली. तेव्हा मी माहेरी होते, तुम्हीच लावली होती."

मास्तर स्टुलावर बसले. मग म्हणाले, "चहा ठेव." काकूंनी ठेवला. त्या दिवसानंतर या विषयावर दोघांत कधी बोलणं झालं नाही, पण मास्तर बटणाची खूण जरा बारीकच करायला लागले.

नुसता सैल कोट शिवून मास्तरांचं समाधान होणार नव्हतं. सैल कोट तर खुंटीवर आधीच होते. सैल कोट वाकलं की पाठीला टेकतो आणि सरळ झालं की गळ्याशी उघडतो. त्यांनी मेव्हण्याला दुकानात बोलावून झाडूचा दांडा हातात दिला आणि भट्टीवर करतो ते सगळं करायला लावलं. नमुना काढ. साय ढकल. नळी ओढ. तो झाडू घेऊन वाकत होता, वळत होता, आणि मास्तर त्याच्याभोवती खडू घेऊन फिरत होते. कुठे कापड टेकेल, कुठे ताणेल, कुठे फुगेल, सगळ्या खुणा त्याच्या शर्टावर. बाहेरून जाणाऱ्यांना वाटलं, मास्तरांनी मेव्हण्याला झाडलोटीला ठेवलंय आणि कामावर समाधान नाही.

त्यातून एक युक्ती निघाली. कोटाच्या आत सुती बंडी, आणि बंडीच्या खांद्यांवर, फऱ्यांवर, कोपरांमागे जाड ब्लँकेटच्या कापडाच्या बोटभर उंच उभ्या पट्ट्या. चंदेरी कापड त्या पट्ट्यांवर विसावणार, अंगावर नाही. माणूस कसाही वाकला तरी मध्ये एक बोट हवा राहणार. गळ्याला उंच, मिटणारी पट्टी. मनगटाला आतून बंद. पुढच्या उघड्या बाजूवर रुंद झाकण. बाहेर खिसा नाही, कारण खिशात काचेचा थेंब पडला तर तो तिथेच मुक्काम करतो.

"अंगाला चिकटवायचं सोपं असतं," मास्तर काकूंना म्हणाले. "सगळीकडून सारखं एक बोट लांब ठेवायचं, ते खरं अवघड." हे बोलताना त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला होता. काकू हं म्हणाल्या. तोंडात दोरा होता.

दुसऱ्या वेळी भट्टीवर मास्तर बोलले नाहीत. कोपऱ्यातल्या एका पिंपाशी हाताची घडी घालून उभे राहिले. नळी बदलायचाच दिवस होता. मेव्हणा आत गेला. कोट दिसायला ओबडधोबड, खांद्यांवर कंगोरे आलेले, कुणी नाटकवाला समजण्याची भीती नव्हती. पाच मिनिटं झाली. त्याने जळकी नळी ओढून काढली. दहा मिनिटं झाली. पाणी प्यायला मागे आला, परत गेला. झरोक्याच्या लालभडक उजेडात कोटावर सगळी भट्टी उलटी दिसत होती आणि कोट आपला हलत होता. नवी नळी बसली. मेव्हणा सावकाश चालत बाहेर आला, झडप वर केली, हातमोजे काढले.

मास्तर पिंपापासून हलले नाहीत. "काय?"

"मानेला खाज येते, दाजी."

"पाठीला?"

"पाठीला काय?"

"पाठीला काही होतंय का?"

मेव्हण्याने जरा विचार केल्यासारखं दाखवलं. "पाठ आहे हे विसरलोच होतो," तो म्हणाला.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. धगीने काचेवर वाफ धरते असं ते नंतर म्हणाले. ती धरत नाही हे मॅडमना ठाऊक होतं, पण त्या गप्प बसल्या. त्यांनी कॅमेरा धरला. बंडीवर सगळीकडे एकसारखा निळा रंग होता, फक्त गळ्याशी फिकट हिरवी चंद्रकोर. मास्तरांनी लगेच टेप काढून मेव्हण्याची मान मोजायला घेतली.

पण मॅडमनी कोट तसाच वापरायला दिला नाही. तो बाहेरच्या एका तपासणी केंद्राकडे गेला. तिथे त्याला आगीपुढे टांगलं, धुतलं, पुन्हा टांगलं. महिन्याभराने अहवाल आला. कोट पास, पण काखेची शिवण एकेरी आहे, तिच्यावर आणखी एक पट्टी हवी. मास्तरांनी तो अहवाल तीन वेळा वाचून घेतला. पहिल्यांदा ते म्हणाले, या लोकांना शिवणातलं काय कळतं. दुसऱ्यांदा काही म्हणाले नाहीत. तिसऱ्यांदा म्हणाले, "काखेचं बरोबर आहे त्यांचं," आणि काकूंनी त्या दिवशी घरात शुभवार्ता असल्यासारखी शेजारणीला ती गोष्ट सांगितली.

मग भट्टीवरचे बावीस जण मापं द्यायला आले. कोट सुटाच शिवायचा असला तरी प्रत्येकाचं माप वेगळं, यावर मास्तर अडून होते. "ढगळपणासुद्धा मापातच हवा," ते म्हणाले, आणि बावीसही जणांना झाडू धरायला लावला. ते सगळे मेव्हण्याचं ऐकून मास्तरांना दाजीच म्हणायला लागले. रस्त्यात, चहावाल्याकडे, दवाखान्यात, कुठूनही हाक येई, "दाजी, गळ्याचं बटण निघालंय." एवढ्या मेव्हण्यांना पुरं पडणं सोपं नसतं. काकू म्हणाल्या, "लग्न केलंत तेव्हा एकच भाऊ होता मला. आता भोगा."

लग्नाचे कोट मास्तर अजूनही शिवत, आणि ते अजूनही घट्टच असत. त्या बाबतीत भट्टीने त्यांना काहीही शिकवलं नव्हतं. काकूंचं अर्धं बोट तिथे चालूच राहिलं.

बावीस कोट झाले, खुंट्या रिकाम्या झाल्या. तेविसावं माप राहिलं होतं ते मुकादमांचं. त्यांनी साफ नकार दिला होता. भट्टी मला ओळखते, ते म्हणत.

एका दुपारी दुकानात कुणी नसताना ते आले. दारातच थांबले, इकडेतिकडे बघितलं.

"कापड बघायला आलो होतो," ते म्हणाले.

"बघा ना," मास्तर म्हणाले आणि गुंडाळी पुढे केली.

मुकादमांनी कापड बोटांनी चोळलं, उलटं केलं, सुलटं केलं. जायला मात्र निघाले नाहीत. मास्तरांनी चष्मा नाकावर आणला आणि टेप काढली.

"हात वर करा."

उजवा हात वर गेला. डावा खांद्याच्या उंचीला येऊन थांबला. मास्तरांनी टेप दंडाभोवती फिरवली तेव्हा शर्टाच्या पातळ कापडाखाली त्यांच्या बोटांना कातडी लागली, सुरकुतलेली, ताणून बसलेली, जुन्या भाजण्याची, मानेपासून कोपरापर्यंत. आल्या-गेल्याच्या खांद्याबद्दल सुनावणाऱ्या मास्तरांनी टेप हलकेच सोडवली. त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि डाव्या काखेच्या मापात दोन बोटं वाढवली. मुकादम समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"झाडू धरावा लागेल," मास्तर म्हणाले.

"तोही?"

"सगळ्यांनी धरला."

मुकादमांनी झाडू धरला. त्यांच्याइतक्या ऐटीत झाडू त्या दुकानात कुणी धरला नव्हता. पायांतलं अंतर, कंबरेचं वळण, दांड्यावरची पकड, सगळं असं की समोर खरंच भट्टी आहे. मास्तर खडू हातात घेऊन क्षणभर नुसतं बघत राहिले.

काकूंनी चहा आणून दिला. मुकादमांनी तो उभ्यानेच घेतला.

"भट्टीवर कुणाला बोलू नका," ते म्हणाले.

"गिऱ्हाइकाचं माप आम्ही बाहेर सांगत नाही."

"कधी होईल?"

"चार दिवसांनी या."

"घाई काही नाही." मुकादम दारापर्यंत गेले आणि वळले. "परवा जमेल का?"

परवा जमलं. मुकादम कोट घालून भट्टीवर उभे राहिले, आणि जो विचारील त्याला सांगू लागले की मॅडमनी लेखी हुकूम काढलाय, आपला नाइलाज आहे. मॅडमनी असा कोणताही हुकूम काढला नव्हता, पण तसं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यापासून लोक विचारायचे थांबले, तरी मुकादम सांगतच राहिले.